मोटारहोम ठरवण्याआधी ती उभी करायची जागा ठरवा

खारघरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांची आई. आईला इन्शुलिन चालू आहे. मे महिन्याच्या सुट्टीत दहा रात्री हातात आहेत. कॅनडात कॅल्गरीला तीस फुटी मोटारहोम (आत पलंग, स्वयंपाकघर आणि संडास असलेली गाडी) भाड्याने घ्यायची, बॅन्फ आणि जॅस्पर ही राष्ट्रीय उद्यानं करायची, मग खाली अमेरिकेत ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रोडवरून यलोस्टोन गाठायचं आणि परत. हॉटेलचा खर्च वाचेल, घरचं जेवण मिळेल, आई मागे पलंगावर पडून येईल. जमेल का?"

मोटारहोमची सहल जमेल. ही सहल मात्र जमणार नाही. महिना बदला, गाडीची लांबी कमी करा आणि खालचा निम्मा नकाशा पुसून टाका. मी ठाण्यात बसून मराठी कुटुंबांना अशा सहली आखून देतो आणि उन्हाळ्यात कधी कधी स्वतः स्टिअरिंगवरही असतो. बहुतेकांची आखणी किलोमीटरपासून सुरू होते आणि तिथेच फसते. ही गाडी लांब पळवण्यासाठी घ्यायची नसते. जंगलात, नदीकाठी उभी करून संध्याकाळ घालवण्यासाठी घ्यायची असते. रोज तंबू उपटावा तशी रोज गाडी हलवायची असेल, तर साधी कार आणि हॉटेल स्वस्तही पडेल आणि सुखाचंही होईल.

आधी महिना. आपल्या शाळांची सुट्टी जूनच्या मध्यावर संपते आणि रॉकीज पर्वतातला हंगाम साधारण तेव्हाच सुरू होतो, ही आपली खरी अडचण. मे महिन्यात बॅन्फ उद्यानातलं लेक लुईस हे सरोवर गोठलेलं असतं, बर्फ सुटायला बहुधा जून उजाडतो. वरच्या पायवाटा बर्फाखाली असतात, बरेच कॅम्पग्राउंड, म्हणजे गाड्या आणि तंबू लावायचे तळ, उघडलेले नसतात. गोइंग-टू-द-सन रोडचा वरचा भाग तर पूर्ण मोकळा व्हायला जूनअखेर किंवा जुलै येतो. म्हणजे तुमच्या तारखांना तो रस्ता मुळात बंदच. दिवाळीच्या सुट्टीत परत थंडी आणि कुलपं. तेव्हा जूनचा उत्तरार्ध धरा आणि शाळेचे पहिले काही दिवस बुडवा. वर्गशिक्षिकेला काय सांगायचं ते तुम्ही बघा. जुलै-ऑगस्टही चालेल, पण गर्दी कळस गाठते आणि वणव्यांचा धूर कधी कधी डोंगरच गिळून टाकतो. जूनअखेरीस तिथे रात्री दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. मुलं वेळेवर झोपणार नाहीत, हे गृहीत धरा.

आता लांबी. गोइंग-टू-द-सन रोडवर ॲव्हलांच कॅम्पग्राउंड ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला मनाई आहे. तीस फुटी सोडा, भाड्याने मिळणारी बहुतेक कुठलीच कौटुंबिक मोटारहोम तिथे जाणार नाही. तुम्हा पाच जणांना २३ ते २५ फुटी गाडी पुरते. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग, मागे एक आणि जेवणाच्या टेबलाचा तिसरा. मागचा पलंग आईंना द्या. मुलाला वर पाठवा, पण चार वर्षांच्या मुलीला वर झोपवायचं असेल तर पलंगाला जाळी आहे का ते कंपनीला आधी विचारा. पंचवीस फूट म्हणजे साडेसात मीटरच्या वर, तुमच्या इनोव्हापेक्षा जवळजवळ तीन मीटर जास्त. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने तेवढा आयत आखा आणि त्यात पाच जण उभे राहा. मग तीस फुटी घ्यावीशी वाटणार नाही, आणि सामान किती न्यायचं हेही आपोआप ठरेल. मोठ्या कडक सुटकेसा ठेवायला या गाडीत जागाच नसते, मऊ बॅगा घ्या.

आई मागे पडून येतील, ही कल्पना डोक्यातून काढा. गाडी चालू असताना प्रत्येकाने सीटवर, पट्टा लावून बसायचं. पलंगावर झोपायचं नाही, उठून चहा टाकायचा नाही, बाथरूमला जायचं नाही. अल्बर्टात, म्हणजे कॅल्गरी-बॅन्फ-जॅस्परच्या प्रांतात, सहा वर्षांखालच्या आणि १८ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला बालआसन सक्तीचं आहे, म्हणजे तुमच्या मुलीला ते बहुधा लागेल. ते समोर तोंड असलेल्या सीटवरच बसवता येतं. मोटारहोममध्ये काही सीटा आडव्या किंवा उलट्या असतात. म्हणून बुकिंगआधी कंपनीला लेखी विचारा की बालआसनाचा वरचा पट्टा अडकवायचा हूक नक्की कुठल्या सीटमागे आहे. भाड्याच्या गाड्यांत यावरून ऐनवेळी गोंधळ होतो.

रस्ता मी असा करीन. पहिली रात्र कॅल्गरीत हॉटेलात. यात कंजूषी करू नका. उन्हाळ्यात आपल्यात आणि अल्बर्टात साडेअकरा तासांचा फरक असतो, म्हणजे दिवसाची सरळ रात्र. समुद्रापलीकडून येणाऱ्या माणसाला त्याच दिवशी गाडी न देण्याचा बऱ्याच कंपन्यांचा नियमच आहे आणि तो शहाणपणाचा आहे. मग बॅन्फला तीन रात्री, लेक लुईसला दोन, जॅस्परला तीन आणि परतीच्या वाटेवर एक. कॅल्गरी ते बॅन्फ सुमारे १३० किलोमीटर, तिथून लेक लुईस साठ आणि पुढे आइसफील्ड्स पार्कवे या डोंगरातल्या रस्त्याने जॅस्पर सुमारे २३०. सगळी गोळाबेरीज हजाराच्या आसपास. यलोस्टोन कॅल्गरीहून एका बाजूलाच नऊशे किलोमीटरच्या घरात आहे, शिवाय अमेरिकेचा वेगळा व्हिसा. ती सहल वेगळी.

जागेचं बुकिंग हाच या सहलीचा गाभा. कॅनडातली राष्ट्रीय उद्यानं पार्क्स कॅनडा चालवतं आणि त्यांचं बुकिंग वर्षाच्या सुरुवातीला, उद्यानागणिक वेगवेगळ्या दिवशी उघडतं. बॅन्फचं त्यांच्या सकाळी आठला उघडतं, म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ. जेवणं लवकर उरकून बसा. आधी खातं तयार ठेवा, क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून ठेवा. ऑनलाइन रांगेत नंबर मागचा आला तर रडू नका, शनिवार-रविवार टाळून तारखा एक-दोन दिवस सरकवल्या की बरंच काही मिळतं. जागा आधी घ्या, मग गाडी, मग विमान. आपल्याकडे सगळे उलट करतात, स्वस्त तिकीट दिसलं की पहिलं ते काढतात. जागा मिळाली नाही तर रस्त्याकडेला कुठेतरी झोपू, हेही चालत नाही. उद्यानात कॅम्पग्राउंडबाहेर गाडीत रात्र काढायला बंदी आहे.

बुकिंग करताना गाडीची लांबी विचारतात. तिथे खरी लांबी टाका, पंचवीस फुटी गाडी वीस फुटांच्या जागेत शिरत नाही. जागांचे प्रकारही समजून घ्या. बॅन्फच्या टनेल माउंटन ट्रेलर कोर्टात वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्ही जोडता येतं. पहिल्या तीन रात्रींसाठी हीच घ्या, म्हणजे गाडीची ओळख होईपर्यंत टाकीची चिंता नाही. लेक लुईसला कडक भिंतींच्या गाड्यांसाठी वेगळं कॅम्पग्राउंड आहे. तंबूवाल्यांचं शेजारी आहे आणि त्याला अस्वलांसाठी विजेचं कुंपण आहे. जॅस्परला व्हिसलर्स नावाचं कॅम्पग्राउंड घ्या. २०२४ च्या जुलैत जॅस्परला मोठा वणवा लागला आणि गावातल्या सुमारे एक तृतीयांश इमारती जळाल्या. जळकी झाडं बघून मुलं प्रश्न विचारतील, उत्तरं तयार ठेवा.

बॅन्फ आणि लेक लुईसला एकदा गाडी उभी केली की तिला हात लावू नका. बॅन्फ गावात रोम नावाची बससेवा आहे, ती टनेल माउंटनच्या कॅम्पग्राउंडपर्यंत येते. लेक लुईसजवळच्या मोरेन लेकचा रस्ता २०२३ पासून खासगी वाहनांना बंदच आहे, तिथे पार्क्स कॅनडाच्या शटलने किंवा बसने जायचं. त्या शटलचीही जागा आधी आरक्षित करावी लागते. लेक लुईसच्या काठावरचा वाहनतळ भल्या पहाटे भरतो. पंचवीस फुटी गाडी घेऊन तिथे घिरट्या घालणारे लोक बघितले की कीव येते.

चालवण्याबद्दल. रस्त्याची उजवी बाजू आणि डावीकडचं स्टिअरिंग दोन तासांत अंगवळणी पडतं. त्रास देते ती गाडीची शेपूट. मागची चाकं बंपरच्या बरीच पुढे असतात, त्यामुळे तुम्ही उजवीकडे वळलात की मागचा डावा कोपरा बाहेर झेपावतो. पेट्रोल पंपावर पिवळ्या खांबाला घासलेल्या गाड्या बहुतेक याच कारणाने घासलेल्या असतात. पंपावरून निघताना आधी सरळ पुढे या, शेपूट खांबाच्या पुढे गेली की मग वळा. मागे घेताना एसटीचा कंडक्टर उतरून शिट्टी मारतो तसं बायकोने किंवा मुलाने प्रत्येक वेळी खाली उतरायचं. उतरणाऱ्याने ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसेल असंच उभं राहायचं. तो दिसेनासा झाला की ब्रेक. गाडीची उंची साडेअकरा-बारा फूट असते. आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. छताचं आणि पोटाखालचं नुकसान बहुतेक विमा योजनांत बसत नाही, तेव्हा झाडाच्या फांद्या आणि ड्राइव्ह-थ्रूची कमान यांच्यापासून लांब राहा.

घाटाची भीती तुम्हाला नको. कसारा आणि माळशेज केलेल्या माणसाला आइसफील्ड्स पार्कवेवरची बो समिटची २,०६९ मीटरची खिंड सोपी वाटेल. रस्ता रुंद आहे, मालवाहू ट्रकना त्यावर बंदी आहे आणि वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ९०. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हा आपला जुना नियम तिथेही लागू. गाडी ऑटोमॅटिक असली तरी गिअरच्या दांड्यावर टो-हॉलचं बटण असतं, उतारावर ते दाबा म्हणजे इंजिन गाडी धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर चार टनांच्या वरची गाडी उतरवली की ब्रेक तापतात आणि जळका वास येतो. पार्कवेवर लेक लुईस ते जॅस्पर यांच्यामध्ये पेट्रोल फक्त सस्कॅचवान रिव्हर क्रॉसिंगला आहे, तेही महाग. मोबाइलला रेंज बहुतेक नाहीच. नकाशे आधी उतरवून घ्या आणि टाकी भरून निघा. गाडी लिटरला चार-पाच किलोमीटर देते, म्हणजे पूर्ण सहलीला दोनशे ते अडीचशे लिटर धरा.

यात खर्च वाचतो का? पाच जणांत सहसा नाही. रोजच्या भाड्यावर किलोमीटरचं पॅकेज, माणशी अंथरूण-पांघरूण, भांड्यांचा संच, गाडी तयार करून देण्याचं शुल्क, विमा आणि पाच टक्के कर चढतो. कॅम्पग्राउंडचं भाडं वेगळं. दर विचारताना शेवटचा एकरकमी आकडा मागा. वाचतो तो बाहेरच्या जेवणाचा खर्च.

जेवणाचं सविस्तर सांगतो, कारण आपली माणसं इथेच अडकतात. आपला मिक्सर, इंडक्शन, किटली तिथे निरुपयोगी. तिकडे वीज १२० व्होल्टची. जोडणी ३० अँपिअरची म्हणजे एकूण ३,६०० वॉट. एसी आणि मायक्रोवेव्ह चालू असताना किटली लावली की खटका पडतो. वीजजोडणी नसेल तर भिंतीतले प्लग बंद, कारण बॅटरी फक्त दिवे, पंप आणि हीटरचा पंखा चालवते. स्वयंपाक प्रोपेन गॅसवर. लहान प्रेशर कुकर इथूनच न्या. लेक लुईस गाव सुमारे १,६०० मीटरवर आहे, तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. रात्री अकरा ते सकाळी सात शांततेची वेळ असते, कुकरच्या शिट्ट्या तिच्यात येऊ देऊ नका. फोडणी देण्याआधी छताची खिडकी उघडा आणि तिचा पंखा लावा. नाहीतर लाल मिरचीच्या ठसक्याने धुराचा अलार्म असा काही बोंबलतो की शेजारची गाडी जागी होते. अलार्मवर फडकं बांधायचं मात्र नाही. गाडीतल्या अलार्मपैकी एक कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा असतो. तळण गाडीत करूच नका, वास पडद्यांत मुरतो आणि साफसफाईचे पैसे कापले जातात. मसाले, पोहे, थालिपिठाची भाजणी न्या. विमानतळावर सगळं खाद्य जाहीर करा, लपवलेल्या डब्याला दंड असतो.

खरकट्या ताटांतलं तेल-हळद आधी कागदाने पुसून मग धुवा. भांड्यांचं आणि अंघोळीचं पाणी एका टाकीत साठतं, संडासचं दुसऱ्या. पहिल्या टाकीत आमटी जात राहिली तर तिसऱ्या दिवशी दुसरीपेक्षा तिचाच वास जास्त येतो. संडासात आपण कागदाऐवजी पाणी वापरतो याबद्दल लोक मला दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मोठ्याने सांगतो: प्लास्टिकचा एक मग सोबत न्या, बिनधास्त वापरा. उलट संडासच्या टाकीत पाणी भरपूर असलेलं चांगलं, कोरड्या टाकीत मळ साचून बसतो. फक्त टाकी लवकर भरते, तेव्हा वीज-पाण्याच्या जोडणीशिवायच्या ठिकाणी दोन रात्रींनंतर ती रिकामी करायची तयारी ठेवा. रिकामी करायचं काम पहिल्यांदा किळसवाणं वाटतं, नंतर दहा मिनिटांचं होतं. हातमोजे घाला, जाड नळी गाडीला आणि जमिनीतल्या भोकाला घट्ट बसवा, आधी संडासची झडप उघडा. ती पूर्ण रिकामी झाली की बंद करा आणि मग साबणाच्या पाण्याची उघडा, म्हणजे तेच पाणी नळी धुऊन नेतं. क्रम उलटा केला तर नळी घाण राहते. जोडणी असलेल्या जागेवरही संडासची झडप कायम उघडी ठेवू नका, पातळ वाहून जातं आणि बाकीचं मागे उरतं.

आईंचं इन्शुलिन गाडीच्या फ्रिजमध्ये राहील. तो बहुधा विजेवर आणि प्रोपेनवर दोन्हीवर चालतो. पण अशा फ्रिजमध्ये मागच्या थंड पत्र्याच्या पट्ट्यांजवळ चक्क गोठतं आणि गोठलेलं इन्शुलिन वाया जातं. दाराच्या कप्प्यात ठेवा, शेजारी साधा थर्मामीटर टाका. गाडी तिरकी उभी असेल तर हा फ्रिज नीट थंड होत नाही, म्हणून जागेवर पोचल्यावर आधी चाकांखाली ठोकळे लावून ती समपातळीत आणा. इन्शुलिन सगळं एका पिशवीत नको, आणि विमानात ते हातातल्या बॅगेत. गाडीची पायरी उंच असते, आईंसाठी एक छोटं घडीचं स्टूल तिथे विकत घ्या. बो लेक आणि अथाबास्का धबधबा वाहनतळापासून जवळ आहेत, तिथे त्यांना दमणूक न होता सगळं दिसेल. अथाबास्का हिमनदीच्या वाटेवर ती कुठल्या साली कुठवर होती याच्या पाट्या लावल्या आहेत. सव्वाशे वर्षांत ती दीड किलोमीटरहून जास्त मागे हटली आहे. मुलाला त्या पाट्या वाचायला लावा.

अस्वलांचा नियम गमतीचा नाही. जेवण आटोपलं की गाडीबाहेर वासाची एकही वस्तू उरता कामा नये. भांडी, कूलर, कचरा, टूथपेस्ट, मुलांचा बिस्किटाचा पुडासुद्धा. पाहणी होते, आणि पसारा दिसला तर दंड किंवा जागा रद्द. अस्वलापासून १०० मीटर, एल्क (हरणाची एक मोठी जात) आणि हरणांपासून ३० मीटर लांब राहायचं. एल्क गावातल्या हिरवळीवर गाईसारखी चरताना दिसते आणि लोक लेकराला शेजारी उभं करून फोटो काढायला जातात. जूनमध्ये तिची पिल्लं लहान असतात आणि ती अंगावर येते. अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा विमानात नेता येत नाही, तिथेच घ्या.

निघताना रोज सकाळी एकच माणूस गाडीभोवती फेरी मारेल असं ठरवा. वीजतार काढली, पाण्याची नळी काढली, पायरी आत, छताच्या खिडक्या बंद, प्रोपेन बंद, फ्रिज आणि ड्रॉवरच्या कड्या लागल्या. पहिल्याच वळणावर ड्रॉवर उघडून वाट्या पायाशी येतात, तेव्हा कडी कोणी लावायची यावर वाद नको. पेट्रोल भरतानाही प्रोपेन बंदच.

कागदपत्रांत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्या. खारघर पनवेल आरटीओत येतं, वाशीला हेलपाटा नको. अर्ज सारथी पोर्टलवर होतो, परवाना वर्षभर चालतो आणि सोबत मूळ परवाना लागतोच. दोघांचाही काढा, एकाला ताप आला तर गाडी अडकून पडायला नको. गाडीची अनामत रक्कम ड्रायव्हरच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर धरतात, त्या कार्डाची मर्यादा आधीच वाढवून घ्या. आणि जमलं तर फेब्रुवारीच्या एखाद्या शनिवार-रविवारी इथेच एक कॅराव्हॅन भाड्याने घ्या. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणल्यापासून मुंबई-पुण्यात त्या मिळतात, बहुतेक चालकासह. पाच जण, एक बाथरूम, एक रात्र. सकाळी आईंना विचारा कशी झोप लागली. त्यांचं उत्तर ऐकूनच पुढचे पैसे भरा.